दुःख माणसाला कुठे नेते?

येशूला पकडले त्या रात्री त्याच्या दोन शिष्यांनी त्याला दगा दिला. यहूदा इस्कार्योताने चांदीच्या तीस नाण्यांसाठी त्याला शत्रूंच्या हवाली केले. पेत्राने प्रमुख याजकाच्या वाड्यात, अंगणातल्या शेकोटीपाशी, त्याची ओळख तीनदा नाकारली. सकाळ झाली तेव्हा आपण काय करून बसलो हे दोघांनाही कळून चुकले होते. पेत्र बाहेर जाऊन धाय मोकलून रडला. यहूदाने गळफास लावून घेतला.

उपवासकाळातल्या प्रवचनांत या दोघांची जोडी नेहमी येते आणि निष्कर्षही ठरलेला असतो. पेत्राने पश्चात्ताप केला म्हणून तो वाचला. यहूदाने केला नाही म्हणून तो बुडाला. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सत्ताविसावा अध्याय शांतपणे वाचला, तर एवढ्यावर समाधान होत नाही. यहूदाला पस्तावा झाला असे मत्तय स्वतःच सांगतो. यहूदा याजकांकडे गेला, एका निर्दोष माणसाचा आपण घात केला हे त्याने उघड शब्दांत कबूल केले, घेतलेले पैसे परत करू लागला आणि ते घेईनात तेव्हा मंदिरात टाकून निघून गेला. पापाची स्पष्ट जाणीव, तोंडाने दिलेली कबुली, घेतलेल्या मोलाची परतफेड हे सगळे त्याच्याकडे होते. पेत्राच्या पदरी त्या रात्री अश्रूंखेरीज काही नव्हते. दुःखाची तीव्रता मोजायची तर यहूदाचेच पारडे जड भरेल.

मग फरक कुठे पडला? यहूदा ज्यांच्याकडे गेला, त्यांचे उत्तर मत्तयाने नोंदवले आहे. त्याचे आम्हाला काय, तुझे तू पाहा, अशा अर्थाचे ते उत्तर होते. पापी माणसाला देवाजवळ आणणे हे ज्यांचे कामच होते, त्यांनी त्याच्या कबुलीकडे पाठ फिरवली. यहूदा तिथून निघाला तो एकटाच. पेत्र मात्र रडून झाल्यावर आपल्या माणसांत परतला. पुनरुत्थानाच्या सकाळी स्त्रिया बातमी घेऊन आल्या, तेव्हा तो जवळपासच होता. पुढे तिबिर्याच्या सरोवरावर मासे धरायला गेला तोही सोबत्यांना घेऊन. तिथे येशूने त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला: माझ्यावर तुझी प्रीती आहे काय? नकार तीनदा होता म्हणून प्रश्नही तीनदा. आणि प्रत्येक उत्तरामागून पेत्राच्या हाती काम आले, मेंढरे राखण्याचे.

पापाची जाणीव देवाकडून आली आहे की नाही, हे ती किती दुखते यावरून कळत नाही. ती माणसाला कुठे नेते, यावरून कळते. आणि ती कुठे नेणार हे त्या माणसाच्या मनात जेवढे ठरते, तेवढेच त्याच्या मंडळीतही ठरते. हा दुसरा भाग आपण फार सहज विसरतो, आणि त्याची किंमत हळव्या माणसांना मोजावी लागते.

दुःख दोन प्रकारचे असते, हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगून ठेवले आहे. एक देवाच्या मनासारखे, ते पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेते. दुसरे जगाचे, ते मरणाकडे नेते. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियसने माणसाला पाडणाऱ्या आठ विचारांची यादी केली, तेव्हा खादाडपणा, लोभ आणि गर्व यांच्या पंक्तीत त्याने खिन्नतेलाही बसवले. साधकाने खिन्न असावे, ही त्याच्या भक्तीची खूण समजावी, असे त्या तपस्व्यांना वाटत नव्हते. त्याचा वारसा पुढे नेणाऱ्या योहान कॅसियनने पाचव्या शतकात ओळखण्याची साधी खूण दिली. देवाकडून आलेले दुःख माणसाला नम्र, सोशिक आणि बोलायला गोड करते, कारण त्याच्या पोटात आशा असते. दुसरे दुःख माणसाला चिडका, कडवट आणि आडमुठा करते, त्याची प्रार्थना बंद पाडते आणि त्याच्या हातून काही चांगले घडू देत नाही. म्हणजे परीक्षा देवघरात होत नाही, घरातल्या माणसांशी आपण कसे वागतो तिथे होते. पश्चात्ताप करून आलेला माणूस बायकामुलांवर खेकसत असेल, तर त्याच्या पश्चात्तापात काहीतरी बिनसले आहे.

हे शास्त्र ज्याने स्वतःच्या जिवावर बेतल्यावर शिकले आणि मग लिहून काढले, तो माणूस म्हणजे लोयोलाचा इग्नेशियस. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. आजारपणात वाचलेल्या संतचरित्रांनी त्याचे आयुष्य बदलले. 1522 च्या मार्चमध्ये मॉन्तसेरातच्या मठात त्याने जन्मभराच्या पापांचे लेखी निवेदन केले. त्याला तीन दिवस लागले. तिथून तो जवळच्या मान्रेसा गावी गेला. तिथे काही महिन्यांतच त्याच्या मनाने त्याला पोखरायला सुरुवात केली. अमुक पाप सांगायचे राहिले का? सांगितले, पण पुरते सांगितले का? तो पुन्हा पापनिवेदन करी, पुन्हा तीच शंका येई. जी गोष्ट अगदी स्पष्ट असेल तेवढीच सांग, जुने उकरू नकोस, असे त्याच्या धर्मगुरूने बजावले. त्याचा उपयोग झाला नाही, कारण इग्नेशियसला सगळेच स्पष्ट वाटत होते. तो रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करत होता. त्याच्या खोलीत प्रार्थनेच्या जागेजवळ एक मोठे भोक होते. त्यातून स्वतःला झोकून द्यावे, असे त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येई. देव दया करीपर्यंत अन्नाला शिवायचे नाही असे ठरवून त्याने आठवडाभर काही खाल्ले नाही. रविवारी धर्मगुरूने उपास सोडायला लावला. दोन दिवस बरे गेले. मंगळवारी प्रार्थनेला बसला आणि एका पापामागून दुसरे अशी माळच पुन्हा सुरू झाली.

त्याच दिवशी त्याची सुटका झाली, आणि ती कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. त्याला कुठला नवा दृष्टान्त झाला नाही. या विचारांच्या शेवटी आपल्याला या जीवनाचीच शिसारी येते आहे, हे सोडून पळून जावेसे वाटते आहे, हे त्याच्या ध्यानात आले. देव ज्या वाटेवर आणतो, तीच वाट सोडायला कशाला सांगेल? विचारांचा शेवट पाहून त्याने विचारांचे मूळ ओळखले. जुनी पापे यापुढे निवेदनात आणायची नाहीत असा त्याने निश्चय केला आणि तो पाळला.

या अनुभवातून जे टिपण तयार झाले, ते 'आध्यात्मिक साधना' या त्याच्या छोट्या पुस्तकात आहे. पोप पॉल तिसरे यांनी 1548 साली त्याला मान्यता दिली. त्याआधीच, 1542 मध्ये, फ्रान्सिस झेवियर हा इग्नेशियसचा सोबती गोव्यात पोचला होता, आणि आजही गोव्यात, मुंबईत, पुण्यात इग्नेशियसच्या येशूसंघाच्या एकांतसाधनेत हीच टिपणे वापरली जातात. त्यातले दोन नियम इथे महत्त्वाचे आहेत.

पहिला असा: जो माणूस पापातून पापाकडे बिनघोर चालला आहे, त्याला पवित्र आत्मा टोचतो आणि सैतान गोंजारतो. जो माणूस सुधारायच्या मार्गावर आहे, त्याच्याबाबत हे अगदी उलटे होते. तिथे आत्मा धीर देतो आणि सैतान टोचतो, अडथळे दाखवतो, खोट्या कारणांनी घाबरवतो. म्हणजे टोचणी ही स्वतः चांगली नाही की वाईट नाही. ती कुणाला होते आहे आणि तो माणूस कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही.

दुसरा नियम गुप्ततेचा: सैतानाला आपले बोलणे कुणापुढे उघड झालेले नको असते. तुझे पाप कुणाला सांगू नकोस, सांगितलेस तर तुला कुणी जवळ करणार नाही, असे म्हणणारा आवाज देवाचा नसतो. आत्मा माणसाला बोलते करतो. निराशा त्याचे तोंड बंद करते.

आता आपल्या एखाद्या मंडळीत रविवारच्या उपासनेला बसलेल्या दोन माणसांकडे पाहू. एका बाकावर एक बाई आहे. तिचे मूल जन्मतःच गेले. सांत्वनाला आलेल्या कुणीतरी विचारले होते, घरात काही न कबूल केलेले पाप राहिले आहे का? तेव्हापासून ती आपले आयुष्य उलटेपालटे करून शोधते आहे. लग्नाआधी आईला दुखावले होते ते? गरोदरपणी उलट्यांमुळे सकाळची प्रार्थना चुकली ते? तिला सापडत काहीच नाही, म्हणून तिला वाटते की आपण मुळातच नासलेलो असू. तिच्या पुढच्याच बाकावर एक सद्गृहस्थ आहेत. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा हिस्सा होता. हक्कसोडपत्रावर तिची सही त्यांनी गोड बोलून घेतली. कामावरच्या मजुरांची मजुरी ते महिना महिना लटकवतात. गीत त्यांचे खड्या आवाजात चालते, आणि दर महिन्याचा दशमांश चुकत नाही.

पुलपिटावरून पाळकसाहेब गरजतात: तुम्ही पापी आहात, स्वतःला तपासा! ती बाई हमसून रडू लागते. ते गृहस्थ मान डोलावतात. संजीवन सभेत पुढे या असे आवाहन झाले की उठून पुढे जाणारी तीच असते, आणि सभा फार आशीर्वादित झाली असे नंतर सांगणारे ते असतात.

ज्याला टोचायला हवे त्याला शब्द टोचला नाही, आणि जिला आधार हवा होता तिला आणखी एक घाव बसला. असे होते, कारण आपण पापावर मोघम बोलतो. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा, सगळी माणसे पापी आहेत, असे सांगून तो परतला नाही. राजाने उरियाला मारवले होते, त्याची बायको राजाच्या घरात होती. नाथानाने नेमके त्यावरच बोट ठेवले. पवित्र आत्म्याच्या कामाची ही ठळक खूण आहे. तो कृती दाखवतो: हे, अमक्याशी, अमक्या वेळी. दोष लावणाऱ्याचा आवाज कृती सांगतच नाही, तो माणसावर शिक्का मारतो: तू असाच, तू असलीच. नेमके काय केले असे विचारले की त्याच्याकडे उत्तर नसते. म्हणून कुणी रडत आले तर पाळकाने आधी हाच प्रश्न मायेने विचारावा: बाई, तुम्ही काय केले आहे? कृती सापडली तर पुढची वाट आहे: क्षमा मागणे, भरपाई, बदल. सापडली नाही, तर तिला पश्चात्तापाचे आणखी एक प्रवचन देणे हा अन्याय आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाकडे बोट दाखवून पाप कुणाचे असे विचारले, तेव्हा येशूने तो प्रश्नच बाद केला. तसा तो आपणही बाद केला पाहिजे, आणि तिच्यासमोर स्पष्ट शब्दांत.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. असे धीर देत बसलो तर पापाचे गांभीर्य राहील का? हल्ली अपराधी वाटणे म्हणजेच मनाचा रोग, ते झटकून टाका, असे सांगणारे पुष्कळ आहेत. मंडळीनेही तेच सांगायचे का? जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 साली, नाझी राजवटीत, स्वस्त कृपेविरुद्ध लिहिले: पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटणारी मंडळी ख्रिस्ताची राहत नाही. हा इशारा मला पूर्ण मान्य आहे. आपल्यात जातीचे पाप आहे. ख्रिस्ती झाल्यावर पिढ्या उलटल्या तरी लग्नाच्या बोलण्यांत पूर्वाश्रमीची जात निघते. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसांना मेल्यावरही वेगळी दफनभूमी आहे. यावर कुणाला फारसे अपराधी वाटताना दिसत नाही. इथे आत्म्याने टोचावे अशी प्रार्थना आपण करायला हवी, आणि वेदीवरून त्याचे नाव घेऊन बोलायला हवे.

पण यातून आक्षेपाचेच उत्तर निघते. खरी जाणीव पापाला हलके करत नाही, ती त्याचा हिशेब करते. जकातदार जक्कयाची गोष्ट पाहा. येशूने त्याला रडवले नाही. झाडावरून खाली बोलावले आणि तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितले. जक्कय उभा राहून आकडे बोलू लागला: निम्मी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडले त्याला चौपट. अफरातफर कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच नियमशास्त्राचे मागणे होते. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. लूकाने त्याच्या अश्रूंचा उल्लेखही केलेला नाही. अपराधगंड आणि निराशा यांतून चौपट परतफेड निघत नाही. स्वतःला धिक्कारत बसलेल्या माणसाचे सगळे लक्ष स्वतःवर असते. ज्याचे नुकसान झाले तो त्याला दिसतच नाही. म्हणून निराशेला नम्रता समजणे ही मोठी फसगत आहे.

आणखी एक भेद सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. काही निराशा ही आजारपण असते. विल्यम कूपर हा अठराव्या शतकातला मोठा इंग्रज कवी. जॉन न्यूटनबरोबर त्याने रचलेली भक्तिगीते 1779 मध्ये प्रसिद्ध झाली. पण 1773 पासूनच, देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे, अशी त्याची खात्री झाली होती. न्यूटनसारखा कृपेचा उपदेशक जिवलग मित्र, शेजारी राहणारा; तरीही 1800 साली मरेपर्यंत ती खात्री गेली नाही. त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. त्याचे मन आजारी होते. त्याच्याही शंभर वर्षे आधी किडरमिन्स्टरचे पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांनी अतिदुःखावर बोलताना विश्वासाबरोबर औषधाचाही मार्ग सांगितला होता. आपल्याकडे अजून कुणी झोप उडाल्याचे, जगावेसे वाटत नसल्याचे सांगितले की आधी उपास आणि हात ठेवून प्रार्थना होते. डॉक्टरचे नाव शेवटी निघते, आणि तेही दबक्या आवाजात. प्रार्थना जरूर करावी. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडेही न्यावे. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तो क्रमांक प्रत्येक चर्चच्या फलकावर, उपासनेच्या वेळांच्या शेजारी, लिहिलेला असावा.

याच ठिकाणी यहूदाला मिळालेले याजकांचे ते उत्तर, तुझे तू पाहा, पुन्हा आठवावे लागते, कारण मंडळीने तेच उत्तर अनेकदा दिले आहे. कॅथलिक पंथाच्या 1917 च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. 1983 च्या संहितेत ती बंदी उरली नाही, आणि 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्ट सांगितले की गंभीर मानसिक व्याधी माणसाची जबाबदारी कमी करते, अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. आपल्या देशातल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला लावले. कायदे बदलले, पण गावोगावच्या मंडळ्यांत अशा घरातली माणसे आजही मान खाली घालून मागच्या बाकावर बसतात. त्यांना पुढे बोलावणे ही मंडळीच्या पश्चात्तापाची बाब आहे.

खऱ्या जाणिवेचे फळ कसे असते याचे आपल्या मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. विद्वत्ता, कीर्ती, सेवाकार्य सारे होते. तरी बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नाही. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे लिहिले आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ स्वतःच प्रवचन देत असताना पालटला होता. रमाबाईंनी स्वतःच्या अंतःकरणात पाहिले आणि आपल्या बळावर काही होणार नाही हे ओळखून त्या ख्रिस्ताला शरण गेल्या. ती अस्वस्थता वरवरची नव्हती, आपण हताश झालो होतो असे त्या स्वतः सांगतात. पण ती त्यांना कुठे घेऊन गेली पाहा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, भुकेने आणि दलालांच्या हाती पडून मरणार असलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. ज्या दुःखाने त्यांना गुडघ्यांवर आणले, त्यानेच त्यांना बाहेर, दुसऱ्यांच्या दारापर्यंत पाठवले.

म्हणून येत्या उपवासकाळात प्रवचन करणाऱ्यांनी दोन आवाजांत बोलायला शिकावे. निर्धास्त बसलेल्यांपुढे पाप नाव घेऊन मांडावे: बहिणीची जमीन, मजुराची मजुरी, जातीचा विटाळ. खचलेल्यांपुढे क्षमा तेवढ्याच नेमकेपणाने, तेवढ्याच अधिकाराने मांडावी, आणि ती एकदा दिली की पुन्हा त्या विषयाकडे वळू देऊ नये. सभा संपल्यावर किती डोळे ओले झाले याची मोजदाद करू नये. कुणाचे थकलेले पैसे चुकते झाले, कोण भावाशी बोलू लागले, कोण डॉक्टरकडे गेले, ती बाई घरी जाऊन शांत झोपली का, हे विचारावे. आणि कुणी आपले पाप सांगायला आले, तर ते ऐकून घेण्याइतका वेळ आपल्याकडे असला पाहिजे. कारण त्या क्षणी मंडळीने जे उत्तर दिले, तेच देवाचे उत्तर समजून तो माणूस आपल्या दारातून परतणार असतो.